विदर्भाच्या उन्हाळ्यात गोल्डफिश पाळूच नयेत, असं माझं मत झालंय

धरमपेठ (धागा सुरू केला)

मे लागला की माझ्या पोटात गोळा येतो. गेल्या वर्षी नवतपाच्या (मेअखेरचे सर्वांत तापते नऊ दिवस) दुसऱ्याच दिवशी दुपारी अडीचला वीज गेली. मी ऑफिसात होतो, घरी कुणी नव्हतं. कूलर बंद, फिल्टर बंद, एअर पंप बंद. सहाला दार उघडलं तेव्हा ६० लिटरच्या टाकीतले चारही गोल्डफिश पाण्याच्या कडेला तोंड वर काढून हवा ओढत होते. त्यांचे कल्ले इतके भरभर हलत होते की बघवेना. काचेवरचा थर्मामीटर ३५ दाखवत होता. मी घाबरून फ्रीजमधले बर्फाचे दोन ट्रे सरळ टाकीत उलटे केले. वीज आठला आली. रात्री दोन गेले, तिसऱ्याच्या अंगावर आठवड्याभरात पांढरे ठिपके आले आणि तोही गेला. एकच उरलाय, लेक त्याला तांबू म्हणते.

तेव्हापासून बरंच वाचलं, विचारलं, आणि दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक, गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. १८ ते २४ अंशांत तो सुखात असतो. नागपुरात एप्रिल ते जून घरातलं पाणी सहसा ३० च्या खाली येत नाही, म्हणजे एसी किंवा चिलर (टाकीचं पाणी गार करणारं यंत्र) परवडत नसेल तर गोल्डफिश घेऊच नयेत, आणि दुकानांनीही या तीन महिन्यांत ते विकू नयेत. दोन, टाकीत बर्फ कधीही टाकू नये. तापमान झपकन उतरलं की मासा खचतो आणि रोग धरतो. माझे मासे बर्फानेच गेले, असं मला वाटतं.

तुमचं मत सांगा. पटलं नाही तर तसंही सांगा.

टाकीवाला_अकोला

भाऊ, वाचून वाईट वाटलं. पण तुमचं पहिलं म्हणणं मला मान्य नाही.

आमच्या अकोल्याचं ऊन नागपूरपेक्षा कमी नाही. माझ्या अंगणात कडुनिंबाखाली सिमेंटचा हौद आहे, निम्मा जमिनीत, साडेतीन फूट खोल. त्यात गोल्डफिश आहेत आणि सगळ्यात जुना अकरा वर्षांचा आहे. दुपारी वर ओलं गोणपाट टाकतो, बाकी काही नाही. भर दुपारी वरचं पाणी ३३ असतं आणि तळाशी हात घातला तर गारवा लागतो. मासे दिवसभर तिथंच बसतात, सूर्य कलला की वर येतात. गोल्डफिश ३० च्या वरचं पाणी सोसतो. ते हळूहळू चढलेलं असावं, भरपूर असावं आणि त्यात हवा असावी, एवढंच त्याला लागतं.

तुमच्याकडे चार गोल्डफिश ६० लिटरमध्ये होते. तिथंच चुकलं. तो मासा घाण फार करतो. पाणी तापलं की त्याच घाणीतला अमोनिया जास्त जहरी होतो, आणि बोअरचं पाणी अल्कधर्मी (जास्त पीएचचं) असलं तर आणखीच. दोष माशाचा नाही हो, टाकी लहान होती.

खाडीकाठ

मी ठाण्याची. बर्फाबद्दल मला बोलायचंय, कारण माझा त्यावर वेगळा अनुभव आहे आणि थोडं गणितही करून बघितलंय.

धरमपेठ, तुमचे दोन ट्रे म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आसपास बर्फ धरू. एक किलो बर्फ वितळून तीस-पस्तीस अंशांपर्यंत तापताना साधारण ४६० किलोज्यूल उष्णता घेतो. ६० लिटर पाणी एक अंशाने उतरवायला सुमारे २५० लागतात. म्हणजे तुमच्या सगळ्या बर्फाने पाणी ३५ वरून ३४ च्या आसपास आलं असेल. अंशभराने मासा मरत नाही. तुमचे मासे बर्फाने गेले नाहीत. अडीच ते आठ असे साडेपाच तास पाण्यात हवा नव्हती, त्याने गेले.

२० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात, ३५ ला जेमतेम ७. हे पाणी पूर्ण भरलेलं असताना. इकडे पाणी दहा अंशांनी तापलं की माशाला लागणारा ऑक्सिजन जवळपास दुप्पट होतो. त्यात फिल्टरमधले उपयोगी जिवाणू, तळाची घाण, उरलेलं खाणं हे सगळेच तोच ऑक्सिजन खातात. तुम्ही सहाला आलात तेव्हा बर्फाऐवजी एक मग घेऊन टाकीचंच पाणी वरून फूटभर उंचीवरून ओतत बसला असता, तर कदाचित वाचले असते. हे लिहिताना मला जड जातंय, पण सांगणं भाग आहे, कारण पुढच्या वेळी कुणाचे तरी वाचतील.

मी स्वतः मे महिन्यात रोज दुपारी एक लिटरची घट्ट झाकणाची बाटली गोठवून १०० लिटरच्या टाकीत सोडते. पाणी एका अंशाने उतरतं, तेही तासाभरात. सुटा बर्फ मात्र मीही टाकत नाही. आणि १५-२० लिटरच्या टाकीत हीच बाटली टाकली तर पाच ते सात अंश उतरेल, तिथे धोका खराच.

धरमपेठ

खाडीकाठ ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मगाने पाणी ओतायचं मला सुचलं नाही. एअर पंप बंद आहे हे दिसत होतं, पण डोक्यात ‘पाणी तापलंय’ एवढंच होतं. बर्फाबद्दलचं विधान मागे घेतो.

तरी बाटलीवर माझा आक्षेप राहतोच. ती वितळली की काय? एक अंश उतरवला, संध्याकाळी तो परत चढला, उद्या पुन्हा तेच. ज्या दिवशी बाटली गोठवायची राहिली त्या दिवशी मासा उघड्यावर. आमच्याकडे पंखा त्यापेक्षा कितीतरी भारी पडतो. या वर्षी झाकण काढलं, वर जाळी लावली (उघड्या टाकीतून मासा उडी मारू शकतो) आणि कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा पाण्यावर तिरका बसवला. काल हॉलमध्ये ३६ होतं आणि टाकीत २९.

टाकी रोज दोन बोटं उतरते, ते पाणी भरत बसावं लागतं. त्यातही एकदा चूक झाली. दुपारी नळाखाली बादली धरली, तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हात भाजेल एवढं गरम. आता सकाळी सहाला भरून ठेवतो.

खाडीकाठ

तुमचं बरोबर आहे, पण ते नागपुरात बरोबर आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना जेवढी उष्णता घेऊन जातं, ती एक किलो बर्फाच्या पाचपट असते, हे मला माहीत आहे. पण ते उडायला हवा कोरडी लागते. माठातलं पाणी तुमच्याकडे गार होतं तसं आमच्याकडे मे महिन्यात होत नाही, तेच हे. मी पंखा लावून बघितला. कसाबसा दीड अंश उतरला. त्यात आमच्याकडे रात्रीही पाणी ३१ च्या खाली येत नाही. नागपुरी उपाय मुंबई-ठाण्या-रत्नागिरीच्या लोकांनी जसाच्या तसा उचलला तर ते पंख्याच्या भरवशावर राहतील, म्हणून आग्रहाने सांगतेय.

टाकीवाला_अकोला

आणि नागपुरातही एक बघा. खोली बंद करून कूलर लावला तर दोन तासांत खोलीच दमट होते, मग टाकीवरचा पंखा नावापुरता फिरतो. समोरची खिडकी उघडी पाहिजे. कूलरचा गारवा माणसालाही तेव्हाच लागतो.

उडालेल्या पाण्याच्या जागी पुन्हा बोअरचं पाणी घालू नका. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते टाकीतच साठत जातात. महिनाभर तसं केलं की काचेवर पांढरी रेघ दिसायला लागते. भर घालायला आरओचं पाणी घ्या, आणि थोडं पाणी बदलायचं तेव्हा नेहमीचं, क्लोरीन काढून टाकलेलं.

दुकानात_बसणारा

माझं शोभेच्या माशांचं लहान दुकान आहे, गाव सांगत नाही. ‘तीन महिने विकू नका’ हे वाचलं आणि राहवलं नाही.

माल आमच्याकडे कोलकात्याहून आणि चेन्नईहून येतो, पिशवीत ऑक्सिजन भरून, थर्माकोलच्या खोक्यात. उन्हाळ्यात वाटेतच काही पिशव्या गेलेल्या असतात. ते खोकं उघडतानाचा वास मला घरीही आठवतो, त्यामुळे मला काही वाटत नाही असं समजू नका. पण सुट्टी लागली की पोरं येतात ती मे महिन्यातच, आणि त्यांना लाल मासाच हवा असतो. मी नाही दिला तर चौकातला देतो, तोही गोल काचेच्या भांड्यात. मी निदान भांडं विकत नाही, चार लिटरच्या भांड्यात मासा देत नाही म्हणून गिऱ्हाईक परत पाठवतो. माझ्या मते बंदी घालायची तर भांड्यावर घाला, ती बाराही महिने घाला.

सानूची_आई

भांड्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण दादा, ‘मी नाही दिला तर दुसरा देतो’ हे मला पटत नाही. पोरं लाल मासा मागतात, कारण दुकानात समोर तोच ठेवलेला असतो. आम्हीही तोच मागायला गेलो होतो. दुकानदार काकांनी सानूला गप्पी दाखवले आणि सांगितलं, हे मासे डासांच्या अळ्या खातात म्हणून विहिरीत सोडतात. ती तिथून हललीच नाही. दुसऱ्या टाकीत एक गोरामी आहे. तो वर येऊन थेट हवेतून श्वास घेतो, हेही त्यांनीच सांगितलं. वीज गेली तरी त्याचा जीव लगेच टांगणीला लागत नाही. सांगणारा माणूस असेल तर मूल ऐकतं.

एसीबद्दल मात्र धरमपेठ यांच्याशी माझं जमत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर एक आजी पत्र्याच्या खोलीत टेबलफॅनवर दुपार काढतात. माशासाठी आठ तास एसी लावायला माझं मन होत नाही. म्हणून उन्हात जगेल तोच मासा घ्यायचा, असं आम्ही ठरवलं.

धरमपेठ

सानूची आई, तुमचं शेवटचं वाक्य म्हणजे माझंच म्हणणं आहे, मी ते एसीच्या अटीत गुंडाळलं एवढंच. आणि अकोल्याच्या काकांचं ऐकून थोडा बदलतो. अंगण असेल, हौद खोल असेल, सावली असेल तर पाळा गोल्डफिश. पण आमच्यासारख्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या टाकीत नका पाळू. ती भिंत रात्री अकरालाही हाताला गरम लागते. यावर मी ठाम आहे.

दुकानवाले भाऊ, तुम्ही गिऱ्हाईक परत पाठवता हे वाचून बरं वाटलं. मग त्याच गिऱ्हाइकाला ‘ऑगस्टात या’ हेही सांगून बघा.

टाकीवाला_अकोला

भिंतीचं आधी का नाही सांगितलं? टाकी आजच हलवा. निम्मं पाणी बादल्यांत काढा आणि तेच परत घाला, नवीन पाणी नको. खाणं निम्मं करा, तेही सकाळी गारव्यात. टाकीचा दिवा दुपारी बंद ठेवा. आणि तांबूला आत्ता एकट्यालाच राहू द्या.

धरमपेठ

रविवार, रात्री साडेनऊ. लेकीने आणि मी मिळून टाकी पॅसेजमध्ये आणली. तिथे कुठलीच बाहेरची भिंत नाही. एअर पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला, इलेक्ट्रिशियनला वीस मिनिटं लागली. दुपारी मुद्दाम मेन स्विच बंद करून बघितलं, बुडबुडे चालू राहिले. मग टाकीशेजारी खिळा ठोकून स्टीलचा मग टांगला. लेकीला दाखवलं, वीज गेली आणि पंपही थांबला तर असं वरून ओतायचं. ती दहा मिनिटं ओतत बसली. तांबू आधी दगडामागे गेला, मग त्या धारेखाली येऊन थांबला.

आत्ता पाणी २८.