स्ट्रोलर बंद कधी करायचा? (3 वर्षं 2 महिने, वजन मर्यादेच्या थोडं वर)

अर्ध्या_वाटेवर

मुलगा 3 वर्षं 2 महिन्यांचा. वजन 15.4 किलो, उंची 98 सेमी. स्ट्रोलर छत्रीसारखा मिटणारा, हलका. स्टिकरवर कमाल 15 किलो लिहिलंय. जाताना उड्या मारत चालतो, येताना अर्ध्या वाटेवर "उचल" सुरू. हातात पिशव्या असल्याने उचलणं जमत नाही, म्हणून ही बाबागाडी सोबत न्यावीच लागते. घरात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो वर्षापूर्वीच बंद व्हायला हवी होती, दुसरा म्हणतो अजून लहान आहे.

वयाचा काही ठोकताळा आहे का? 400 ग्रॅम जास्त झाल्याने खरंच काही बिघडतं का? जास्त क्षमतेचा नवा घ्यावा की आता पायीच?

नटबोल्ट

400 ग्रॅमने आज चौकट मोडणार नाही. पण वजन काही आता कमी होणार नाही, आणि कारखान्यातल्या चाचणीत सीटवर ठोकळा ठेवतात. ठोकळा शांत बसतो. तीन वर्षांचं पोर मागे धडका देतं, फूटरेस्टवर उभं राहतं, बाजूला लोंबकळून कुत्रं बघतं. हलक्या गाडीत याचा मार बिजागऱ्यांवर आणि पुढच्या फिरत्या चाकांवर बसतो.

15 हा आकडा आला कुठून तेही सांगतो. युरोपातल्या ईएन 1888 मानकाचे दोन भाग आहेत: पहिला 15 किलोपर्यंतच्या मुलांसाठी, दुसरा 15 च्या वर 22 किलोपर्यंत. म्हणून स्टिकरवर सहसा या दोनांपैकी एक दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात 3 वर्षांच्या मुलाचं मध्यम वजन 14.3 किलो आणि 4 वर्षांच्या मुलाचं 16.3 किलो आहे. म्हणजे 15 किलोवाली गाडी बहुतेक मुलांना साडेतीनच्या आसपास संपते. 22 किलोवाली मात्र संघटनेच्याच पुढच्या वयाच्या तक्त्यानुसार सहा वर्षांच्याही पुढे जाते, त्यामुळे तिथे वजन बघून काही कळत नाही. त्याच्या खूप आधी मूल मापाने मोठं होतं.

माप असं बघा. मूल पाठ टेकवून सरळ बसवा. खांद्याचे पट्टे पाठीतल्या ज्या फटींतून येतात, त्यातली सर्वात वरची फट खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वर हवी. खांदा फटीच्या वर गेला असेल तर पट्टा खांदे खाली ओढतो, मूल वाकून बसतं, आणि मग पट्टे सैल सोडायची सवय लागते. डोकं पाठीच्या वरच्या कडेबाहेर जात असेल किंवा छताला घासत असेल, तर गाडी लहान झाली. पायांचं तर बुटांवरूनच कळतं: टाचेची मागची कड किंवा बुटाचं नाक एका बाजूने घासलेलं असेल, तर पाय फूटरेस्टवरून घसरून जमिनीला किंवा पुढच्या चाकाला लागतायत. वेगात असताना बूट चाकात अडकला की गाडी जागच्या जागी थांबते, मागचा माणूस पुढे येतो, गाडी नाकावर.

आता चौकट. गाडी रिकामी करून उघडा, हँडल धरून डावी-उजवीकडे हलवा. थोडा खुळखुळाट हलक्या गाडीत असतोच. पण घडीचं लॉक लागलेलं असताना मधल्या सांध्यात बोटभर हालचाल दिसली, तर रिव्हेट (सांधा जोडणारी ठोकलेली खीळ) सैल झालाय, आणि तो घरी घट्ट होत नाही. मग पुढची चाकं उचलून एकेक फिरवा. डगमगत असेल तर धुरा वाकलाय किंवा बुश (धुऱ्याभोवतीची आतली नळी) झिजलंय. शेवटी सीटमध्ये पुस्तकांची 15 किलोची पिशवी पट्ट्याने बांधून उतारावर ब्रेक लावा आणि हात सोडा (पकडायच्या तयारीत). हळूहळू सरकली तर ब्रेकची दातेरी चकती गेली. यातलं एक जरी निघालं तरी वयाचा वाद घालायची गरज उरत नाही.

पाऊलवाट

बालविकासाच्या बाजूने थोडं.

वयाचा ठोकताळा नाही, पण टप्पे आहेत. बहुतेक मुलं दीड वर्षाच्या आत स्वतंत्र चालायला लागतात. दीड ते दोनमध्ये चालतात, पण कुठेतरी पोचायचंय हे त्यांच्या गावी नसतं. खडा, नाली, गेट, सगळीकडे थांबे. अडीचनंतर "त्या झाडापर्यंत" हे कळायला लागतं. तीनच्या पुढे निरोगी मूल थांबत-थांबत किलोमीटरभर सहसा जातं, फक्त त्याच्या चालीने. मोठ्यांच्या दहा मिनिटांच्या वाटेला वीस-पंचवीस मिनिटं धरा. पुष्कळदा मूल चालायला तयार असतं, वेळापत्रक तयार नसतं. स्ट्रोलर तेव्हा मुलासाठी नाही, घड्याळासाठी चाललेला असतो. यात गैर काही नाही, फक्त "त्याला चालवत नाही" असं म्हणू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार पाच वर्षांखालच्या मुलाला स्ट्रोलर किंवा उंच खुर्चीत एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नये, आणि 3 ते 4 वयात दिवसाला 180 मिनिटं हालचाल हवी, त्यातली किमान 60 मिनिटं दम लागेल अशी. दिवसभराच्या बेरजेत गाडीत गेलेला वेळ किती, ते एकदा मोजून बघा.

"उचल"चे दोन प्रकार असतात आणि ते वेगळे ओळखता येतात. कंटाळलेलं मूल बसकण मारतं, पण मांजर दिसलं की धावतं. दमलेल्या मुलाचे पाय सांगतात: पावलं घासायला लागतात, सपाट जागी स्वतःच्याच पायात अडखळतं, हात धरलेला असेल तर सगळं वजन त्या हातावर टाकतं, आणि मांजर आलं तरी हलत नाही. पहिल्याला खेळ हवा ("आता लाल गेट कोण आधी शोधतं"), दुसऱ्याला पाच मिनिटं बसू द्या, पाणी द्या.

त्याआधी बूट तपासा. उभं असताना सगळ्यात लांब बोटापुढे साधारण 1 सेमी जागा हवी. या वयात दर तीन महिन्यांनी बघावं लागतं. चालायला नकार देणाऱ्या मुलांत घट्ट बूट हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त सापडतं. मोजा आत गोळा होणं हे दुसरं.

डॉक्टरांकडे कधी: दीड वर्ष उलटूनही चालत नसेल, आधी नीट चालणारं मूल अचानक चालेना किंवा लंगडायला लागलं, सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले वाटले, एकाच पायाची तक्रार पुन्हा पुन्हा आली, चालताना इतर मुलांपेक्षा फारच लवकर धाप लागते असं दिसलं. रात्री दोन्ही पोटऱ्या दुखतात आणि सकाळी पळत सुटतो, हे या वयात बरंच आढळतं आणि सहसा काळजीचं नसतं.

सावकाश_चला

वरचं सगळं मान्य, पण निम्मा प्रश्न रस्त्याचा आहे. पाय तयार असले तरी रस्त्यावर सुरक्षित चालणं ही निराळी गोष्ट. गाडी बंद करण्याआधी तीन गोष्टी हुकमी यायला हव्यात: "थांब" म्हटल्यावर धावतानासुद्धा थांबणं, फुटपाथच्या कडेला आपोआप थबकणं, आणि हात द्यायला कुरकुर न करणं. "थांब"चा खेळ मोकळ्या मैदानात दिवसाला दहा वेळा खेळा, रस्त्यावर पहिल्यांदा शिकवायला जाऊ नका. सध्या हात सोडून पळत असेल, तर वर्दळीच्या वाटेवर गाडीत पट्टा लावून बसवणंच बरं, वय काही का असेना.

एक चूक सगळीकडे दिसते. मूल चढ-उतर करायला लागलं की गाडी भारवाहू होते. सगळ्या पिशव्या हँडलवर. मूल बसलंय तोवर तोल राहतो, कारण त्याचं वजन मागच्या धुऱ्याच्या पुढे असतं आणि पिशव्या धुऱ्याच्या मागे. "मी चालतो" म्हणून ते उतरलं की पुढचं वजन गेलं, पिशव्यांनी गाडी मागे उलटली. मूल अर्धं उतरलेलं असेल तर त्याच्यासकट. सामान खालच्या जाळीत, तेही जाळीवर लिहिलेल्या वजनाइतकंच, उरलेलं पाठीवरच्या सॅकमध्ये. उतरवण्याआधी ब्रेक, मग बकल. रोज हाच क्रम.

आणि पट्टा पूर्ण लावा, पायांमधल्यासकट. मोठं झालंय म्हणून नुसता कमरेचा लावला की मूल खाली घसरतं आणि पट्टा पोटावर, मग छातीवर चढतो.

पाऊलवाट

कमी कसं करायचं ते राहिलं. एका दिवसात बंद करू नका. आधी जवळच्या, दहा मिनिटांच्या आतल्या वाटेला गाडी घरी ठेवा. आठवडाभर हे जमलं की लांबच्या वाटेवर गाडी न्या, पण सुरुवात पायी आणि दमल्यावर गाडी. मग दमण्याची जागा हळूहळू पुढे सरकवा, एका वेळी एक-दोन खांब.

सावकाश_चला

इथे मी उलटं सांगेन. जाताना बहुतेक वेळा ठरलेल्या वेळेत पोचायचं असतं, येताना घाई नसते. म्हणून जाताना बसवा, येताना चालवा. जाताना चालवून उशीर झाला की आपण ओढत नेतो आणि चालणं म्हणजे ओरडा, हे त्याच्या डोक्यात बसतं.

पाऊलवाट

ज्या मुलाला घाईत ओरडा बसतो त्याच्यासाठी बरोबर आहे. पण धागाकर्त्यांचं मूल जाताना आनंदाने चालतंय, ते मोडू नका. येतानाच्या वाटेवर मध्ये एक बसायची जागा ठरवून टाका, कट्टा, पायरी, काहीही, आणि तिथे रोज बसा. दमायच्या आधी. "उचल" सुरू झाल्यावर बसलात तर बसणं हे रडण्याचं बक्षीस होतं.

अर्ध्या_वाटेवर

सगळ्यांचे आभार. माप घेतलं: खांदा वरच्या फटीच्या साधारण दोन बोटं वर आहे. डाव्या बुटाचं नाक घासलेलं निघालं, इतके दिवस चालण्यामुळे समजत होते. गाडी गेलीच म्हणायची. नवी न घेता मागे उभं राहायची चाकांची फळी लावली तर? मूल दमलं की उभं राहील. आणि ही गाडी भाच्याला द्यावी म्हणतेय, तो 14 महिन्यांचा आहे.

नटबोल्ट

फळी तुमच्या गाडीला लावू नका. ती मागच्या धुऱ्याला किंवा मागच्या नळ्यांना अडकते, आणि छत्रीच्या घडीच्या गाडीत या नळ्या मिटताना आत सरकतात. अडकवण्यापुरती जागा सापडली तरी तो ताण धरून चौकट बनवलेली नसते. ब्रेकचं पायपॅडही बऱ्याचदा फळीखाली झाकलं जातं. फळीची स्वतःची मर्यादा साधारण 20 किलो असते, पण गाडीच्या पुस्तिकेत फळी चालते असं लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. शिवाय फळी मुळात सीटमध्ये धाकटं आणि मागे मोठं, अशा जोडीसाठी आहे. दमलेल्या मुलाला उभं ठेवून उपयोग काय? डोळा लागला की हात सुटतो. ढकलणाऱ्याची नडगी फळीवर आपटते ते वेगळंच.

नव्या गाडीचा खर्च तुमच्या बाबतीत मला पटत नाही. वर्षातून एक-दोनदा दिवसभराच्या भटकंतीला लागली तर 22 किलोवाली मागून आणा.

सपोर्टसीट

एक पुरवणी. वर जे लिहिलंय ते चालण्यात अडचण नसलेल्या मुलांचं. स्नायू सैल असणं, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं), हृदयाचा आजार, किंवा गर्दी-आवाजाने गोंधळून पळत सुटणारी ऑटिस्टिक मुलं, यांना सहा-आठ वर्षांपर्यंत आणि पुढेही गाडी लागू शकते. त्यांच्यासाठी 30 किलोच्या पुढच्या क्षमतेचे, मानेला आणि बाजूंना आधार असलेले स्ट्रोलर मिळतात. सीटची खोली आणि फूटरेस्टची उंची फिजिओथेरपिस्टकडून मापून घ्यावी: गुडघे काटकोनात, पाऊल पूर्ण टेकलेलं. साध्या मोठ्या गाडीत पाय लोंबकळले की कंबर पुढे घसरते. आणि रस्त्यात "एवढा मोठा झाला तरी गाडीत?" असं विचारू नका. माहीत नसतं आपल्याला.

नटबोल्ट

भाच्याला देण्याबद्दल. वर लिहिलेल्या चौकट, चाकं आणि ब्रेकच्या तिन्ही चाचण्या पास झाल्या तरच द्या. मग बिजागऱ्या बघा. 2009 मध्ये अमेरिकेत सुमारे 10 लाख घडीचे स्ट्रोलर परत बोलावले होते, कारण उघडताना बिजागरीत मुलांच्या बोटांची टोकं तुटत होती. त्यावर उपाय म्हणून सांध्यांवर बसवायची आवरणं दिली गेली. तुमच्या गाडीच्या बाजूच्या सांध्यांत उघडताना कात्रीसारखी फट मिटत असेल, तर घेणाऱ्याला दाखवूनच द्या: आधी मूल दोन हात लांब, मग गाडी उघडायची, लॉक लागल्याचा "खट्" आवाज ऐकायचा, मग मूल जवळ.

पट्टे सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. वॉशिंग मशीन नको, शिवण ढिली होते. बकलमध्ये बिस्किटाचा चुरा हमखास असतो. कोमट पाण्यात बुडवून दहा वेळा दाबा, वाळवा, मग ओढून बघा सुटतं का. चाकांच्या धुऱ्यात गुंडाळलेले केस आणि धागे चिमट्याने काढा, अर्धी कुरकुर त्यानेच जाते. आणि 15 किलोचं स्टिकर खरवडून काढू नका, भाचाही तीन वर्षांचा होणारच आहे.