घरावर केलेला कुठला खर्च फळला? कोल्हापूरकरांनो, लिहा

जून लागला की शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या मधल्या खोलीत भिंतीवर नकाशा उमटतो. दरवर्षी थोडा मोठा. गेल्या वर्षी तो स्विचबोर्डाच्या खाली होता, यंदा बोर्डाला टेकलाय. हात लावला की रंगाचे पोपडे हातात येतात आणि त्याखाली मिठासारखी पांढरी भुकटी. आईचा दमा नेमका त्याच खोलीत उसळतो. मिस्त्री आला, भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "ताई, पीव्हीसी पॅनल मारून टाकू. दोन दिवसांत खोली हॉटेलसारखी करतो." मोह होतोय, खोटं कशाला बोलू. पण पॅनलच्या मागं काय चालू राहील, याचा विचार काही केल्या जात नाही.

तर तुम्ही घरात काय बदललंत, त्यानं घर राहायला बरं झालं का आणि बघायलाही बरं दिसलं का, ते लिहा. फसलेलं आधी लिहा.

*

मंगळवार पेठ, मातीच्या भिंतींचा वाडा

पॅनल मारू नका ताई. आमच्याकडं हेच सगळं होऊन गेलंय.

आमच्या वडिलांनी हौसेनं सोप्यापासून माजघरापर्यंत सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, वर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट. दोन वर्षं वाडा नवरीसारखा दिसला. मग खालून लोणा, म्हणजे ती मिठासारखी पांढरी भुकटी, चढायला लागला. ते झाकायला भिंतीच्या खालच्या भागाला तीन फुटांचा डॅडो, म्हणजे टाइल्सचा पट्टा, बसवला. ओल डॅडोच्या मागनं चढून चार फुटांवर बाहेर पडली. मग चार फुटांवर कॅलेंडर लावलं!

मातीची भिंत जमिनीतलं पाणी वातीसारखं ओढून घेते. पूर्वी ते चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जायचं. आम्ही तिला सिमेंटचा रेनकोट घातला, मग ते पाणी जाणार कुठं? चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये गिलावा काढायला घेतला, तर सिमेंटच्या खपलीबरोबर दोन-दोन इंच माती निघून आली. आत भिंत ओल्या खव्यासारखी. बोट घातलं तर पेरभर आत गेलं. खव्याच्या भिंतीवर आपण टीव्ही टांगून बसलो होतो म्हणायचं.

दोन महिने भिंत तशीच उघडी ठेवली. पाहुणे यायचे आणि भूकंप झाला का विचारायचे. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधताना नाकी नऊ आले. शेवटी पन्हाळ्याकडचा एक सत्तरीतला म्हातारा सापडला. त्यानं चुना भिजत घातला, गाळून घेतला, त्यात हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घातलं. गुळाचं गाव आपलं, आणि चुन्यात गूळ घालतात हे मला पन्नाशीत कळलं. थर पातळ द्यायचे, सावलीत सावकाश वाळू द्यायचे. घाई करणाऱ्या माणसानं या फंदात पडू नये.

बाहेरूनही काम केलं. रस्ता वर्षानुवर्षं उंच होत गेला आणि आमचं जोतं त्याच्या बरोबरीला आलं, त्यामुळं पावसाचं पाणी भिंतीच्या बुडाशी थांबायचं. तिथं हातभर रुंदीचा चर काढून खडी भरली आणि उतार गटारीकडं दिला. ओल शून्य झाली असं म्हणणार नाही, पावसाळ्यात खालची वीतभर भिंत अजून काळवंडते. पण दिवाळीपर्यंत वाळते. घरात शिरलं की येणारा तो कुबट वास गेला, आणि चुन्याच्या भिंतीवर संध्याकाळचा उजेड जो पडतो, तो ऑइलपेंटवर कधी पडला नव्हता.

*

दुधाळीजवळ

आमच्याकडं ओल भिंतीतून येत नाही, दारातून येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आली, परत २०२१ च्या जुलैमध्ये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट झालं की आम्ही गाद्या गुंडाळतो, ४३ ला घर सोडतो.

पहिल्या पुरानंतर चूक केली. गणपती तोंडावर होते म्हणून पंधरा दिवसांत रंग देऊन टाकला. दसऱ्याला भिंतींवर काळी बुरशी, धाकट्याला खोकला, आणि रंगाचे पैसे पाण्यात, म्हणजे परत पाण्यात. दुसऱ्या वेळी शहाणे झालो. पॉलिथिनचा फूटभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावायचा आणि दोन दिवसांनी बघायचा. भिंतीकडच्या बाजूला घाम धरला असेल तर भिंत अजून पाणी सोडतीय, ब्रश उचलायचा नाही. खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतला दमटपणा, खिडक्या उघडा. आम्हाला फेब्रुवारीपर्यंत थांबावं लागलं.

आता खालच्या मजल्यावर प्लायवूडचा एकही तुकडा नाही. ओट्याखाली कडाप्प्याच्या फळ्या, दारं नाहीत. पूर ओसरला की पाइप लावून धुवायचं. सगळे स्विचबोर्ड २०२१ च्या चिखलाच्या रेघेच्या वर घेतले. नवीन माणूस आला की डोक्याच्या वर प्लग बघून हसतो. हसू दे.

आणि एक, हे लक्षात ठेवाच. घर धुताना ब्लीचिंग पावडर आणि संडासचं ॲसिड एकत्र करू नका. क्लोरीन वायू निघतो. आमचे शेजारी अर्धा तास रस्त्यावर खोकत बसले होते.

*

राजारामपुरी, फ्लॅट

माझा अनुभव सुधारणेचा नाही, सुधारणा उशिरा केल्याचा आहे. बाथरूममध्येच गॅस गिझर होता. डिसेंबरची थंडी, म्हणून खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर पुठ्ठा लावलेला. मुलगी अंघोळीला गेली. पाण्याचा आवाज येत होता, पण हाक मारली तर उत्तर नाही. कडी तोडून आत गेलो तेव्हा ती बादलीपाशी पडली होती. गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. वास आला नाही म्हणून आम्हाला शंकाच आली नव्हती.

वाचली. त्याच आठवड्यात गिझर बाहेर ड्राय बाल्कनीत काढला, पाणी पाइपनं आत घेतलं, आणि पुठ्ठा जाळून टाकला. ज्यांचा गिझर अजून आत आहे त्यांनी टाइल्स, रंग वगैरे नंतर बघावं.

*

कसबा बावडा

वरचं वाचून आत्ताच उठून गिझर बघून आलो. बाहेरच आहे.

आमचं सांगतो. घरात उन्हाळ्यात वर्षाचं तिखट होतं. मिरची भाजायला घेतली की आजोबा उठून देवळात जायचे, पोरं गल्लीत, आणि बायको एकटी आत ठसकत. वास्तुवाले म्हणाले स्वयंपाकघर आग्नेयेला हलवा. तेवढं बजेट न्हाई ओ. दीड हजाराचा एक्झॉस्ट फॅन बसवला, तर फिरतोय नुसता, धूर तिथंच. मग वायरमन म्हणाला, मालक, दार-खिडकी सगळं बंद करून पंखा कुठनं हवा ओढणार? समोरच्या भिंतीला खाली जाळीची झडप काढली. आता धूर सरळ रेघेत बाहेर जातो. रविवारी रस्सा शिजला की गल्लीला आधी कळतंय, एवढाच तोटा.

*

कळंबा, वरचा मजला

थोडक्यात: स्लॅबवर पांढरा चुना. होळीच्या आधी दोन हात, दरवर्षी, कारण पावसात धुऊन जातो. आधी एप्रिलच्या दुपारी गच्चीवर चप्पल नसेल तर नाचत यावं लागायचं, आता अनवाणी वाळवण घालता येतं. खालची खोली रात्री लवकर निवते. देण्याआधी भेगा बुजवून घ्या.

*

शाहूपुरी

खिडक्यांना जाळ्या बसवल्या, तरी घरात दोघांना डेंग्यू. डास बाहेरून येतच नव्हते. फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये आणि तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत अळ्या वळवळताना दिसल्या. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो, म्हणून आता दर शुक्रवारी बॅरलसकट सगळं रिकामं, घासून कोरडं. जाळ्यांचे पैसे वाया गेले असं नाही, पण ताटली रिकामी करायला पैसेच लागत नव्हते.

*

गंगावेस

दिसण्याबद्दल कुणीच लिहीत नाहीये, म्हणून लिहिते. आमच्या दारांवर ऑइलपेंटचे सात थर होते, मोजले. हिरवा, निळा, परत हिरवा, मधेच एक भयाण गुलाबी (काकांच्या लग्नाचा). खाली सागवान निघालं आणि चौकटीवर कमळ. साठ वर्षं ते कुणाला दिसलं नव्हतं.

पण घाई करून ग्राइंडर लावू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडं २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या डब्यांचं काही सांगता येत नाही, आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला वाईट. आम्ही पोरांना गडहिंग्लजला आजीकडं पाठवलं, लाकूड ओलं करून पॉलिश पेपरनं घासलं, फरशी ओल्या फडक्यानं पुसली, झाडू लावला नाही. तीन आठवडे गेले. खांदे अजून दुखतात.

*

शिवाजी पेठ (धागा काढणारी)

सगळ्यांचं वाचलं. परवा दुधाळीकरांचा पॉलिथिनचा प्रयोग केला. आज सकाळी भिंतीकडच्या बाजूला थेंबच थेंब. मग छत्री घेऊन बोळातून मागच्या बाजूला गेले, जिथं आम्ही कुणीच जात नाही. पत्र्याची पन्हळ तुटून लोंबकळतीय आणि सगळ्या छपराचं पाणी धार धरून बरोबर आईच्या खोलीच्या बुडाशी पडतंय. किती वर्षं, देव जाणे.

पन्हळ उद्या बदलते. आईचा पलंग तोवर सोप्यात हलवलाय. मिस्त्रीला पॅनल नको म्हणून सांगितलं आणि चुन्याचं काम येतं का विचारलं, तर तो फोनवर नुसता हसला. मंगळवार पेठकर, ते पन्हाळ्याकडचे बाबा अजून काम घेतात का? निरोपातून कळवा.