वस्तीसोबतचा अभ्यासक्रम: भागीदारी कुठून सुरू करायची?

प्रश्न: मी समाजशास्त्र शिकवते. मागच्या सत्रात माझ्या विद्यार्थ्यांनी एका वस्तीत पाण्याचं सर्वेक्षण केलं. त्यांना गुण मिळाले, अहवाल कपाटात गेला. परवा तिथल्या एक ताई म्हणाल्या, "आमची माहिती नेलीत, आम्हाला काय दिलंत?" ते वाक्य मनातून जात नाही. काय बदलू?

उत्तर: आधी अहवाल घेऊन परत जा, तिथेच वाचून दाखवा. अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली; जितकी वरची पायरी, तितका लोकांच्या हातात निर्णयाचा अधिकार जास्त. तीत मत विचारणं चौथ्या पायरीवर आहे, भागीदारी सहाव्या. तुमचं सर्वेक्षण फार तर चौथीपर्यंत पोचलंय.

उत्तर: पुढची प्रश्नावली ताईंसोबत बसूनच करा. आणि सत्र संपलं की काम कोणत्या तुकडीकडे जाणार, हे आधीच ठरवा.

प्रश्नकर्ती: शनिवारी जातेय. अहवाल सोप्या भाषेत पुन्हा लिहायला घेतलाय.