मदत हवी आहे: क्लबात गेमिंग मशीन बसवायचंय, परमिट कुठलं?? (अर्जंट)

मी_सेक्रेटरी:
क्लबात दोन मशीन ठेवायच्यात. मशीनवाला पुढच्या आठवड्यात आणून बसवतो म्हणतोय, त्यानेच एक फॉर्म दिला, तो भरला, ५० भरले आणि काउन्सिलने सगळं परत पाठवलं, फोन केला तर म्हणे वेबसाइट बघा. वेबसाइटवर चार प्रकारचे फॉर्म, आपला कुठला कळेना. कमिटीवाले रोज डोकं खातायत. कोणी केलंय का हे? आजच उत्तर मिळालं तर बरं.

खडूस_काका:
विसरा. महाराष्ट्रात स्लॉट मशीनला परवानगी मिळत नाही. १९७६ चा कॅसिनोचा कायदा होता, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही केला. मशीन हवं तर गोव्यात जा. क्लबात रमी ठेवा त्यापेक्षा, रमी कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्येच सांगितलंय.

चहा_कमी_साखर:
काका, "काउन्सिल" म्हणतायत ते, आपल्याकडे नगरपालिका म्हणतात. बहुतेक यूके. ५० म्हणजे पौंड ना?

मी_सेक्रेटरी:
अर्थात पौंड! इंग्लंडमध्येच आहे मी, ते काय वेगळं सांगायचं.

मिडलँड्सवाली:
सांगायचंच. स्कॉटलंडचं थोडं वेगळं आहे आणि उत्तर आयर्लंडला २००५ चा गॅम्ब्लिंग अ‍ॅक्ट, म्हणजे हा जुगाराचा कायदा, जवळजवळ लागूच होत नाही. आता हे सांगा: दारूचा जो कागद भिंतीवर लावलाय त्यावर "क्लब प्रिमायसेस सर्टिफिकेट" (क्लब स्वतःच मेंबरांना दारू देतो तेव्हाचं) आहे का "प्रिमायसेस लायसन्स" (पबला असतं तसं)? मेंबर किती? बार कोण चालवतं?

पब_वाला_पक्या:
एवढं काही नसतं हो. मी पब चालवतो, सी किंवा डी कॅटेगरीची (म्हणजे छोट्या डावाची, छोट्या बक्षिसाची) दोन मशीन आपोआप मिळतात, काउन्सिलला नोटीस आणि ५० पौंड, विषय संपला. यांनी तेच केलंय, काउन्सिलच चुकतेय.

मिडलँड्सवाली:
पक्या, तो पबचा नियम आहे. क्लब सर्टिफिकेटवर चालणाऱ्या क्लबाला तो लागत नाही. म्हणून तर विचारतेय कागद कुठला.

मी_सेक्रेटरी:
मेंबर शंभरच्या वर. कागद बघून आलो, प्रिमायसेस लायसन्स लिहिलंय. नाव बारवाल्याचं आहे. बार आम्ही त्याला चालवायला दिलाय, तो भाडं देतो, नफा त्याचा. पण बाराचा आणि मशीनचा काय संबंध??

मिडलँड्सवाली:
तिथंच घोडं अडलंय. ५० पौंडाची नोटीस ज्याच्या नावाचं लायसन्स त्यानेच द्यायची असते, तुम्ही सेक्रेटरी म्हणून सही केली असणार. म्हणजे दोन रस्ते. एक, बारवाल्याने स्वतः नोटीस द्यायची, मग दोनच मशीन आणि फक्त सी किंवा डी, सीला एका डावाला जास्तीत जास्त १ पौंड आणि बक्षीस १०० पर्यंत. दुसरा, क्लबाने स्वतःच्या नावावर क्लब मशीन परमिट काढायचं, तीन मशीन चालतात, बी४ सुद्धा, त्याचं बक्षीस ४०० पर्यंत जातं. फी २००, वर नंतर दरवर्षी ५०. क्लब सर्टिफिकेट असतं तर १०० मध्ये फास्ट-ट्रॅकने झालं असतं, ते तुम्हाला नाही. अर्जाची कॉपी सात दिवसांत गॅम्ब्लिंग कमिशनला (जुगारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) आणि पोलिसांना पाठवायची, ही बरेच जण विसरतात. पुढच्या आठवड्याचं मात्र विसरा.

मी_सेक्रेटरी:
मशीनवाला तर ५०० बक्षीसवालं देतो म्हणाला होता.

मिडलँड्सवाली:
ते बी३ए कॅटेगरीचं. ते मेंबर्स क्लबालाच मिळतं आणि एकच. मेंबर्स क्लब म्हणजे किमान २५ मेंबर आणि क्लब कुणाच्या धंद्यासाठी चाललेला नको. तुमच्या बाराचा नफा बारवाला नेतो म्हटल्यावर काउन्सिल विचारणारच की हा क्लब नक्की कुणाचा. क्लबाची घटना (नियमावली) आणि हिशेब तयार ठेवा.

पब_वाला_पक्या:
म्हणजे बारवाल्याकडूनच नोटीस द्या, मी तेच म्हणत होतो.

चहा_कमी_साखर:
तू हे म्हणत नव्हतास. आणि मशीनच्या कमाईवरचा कर, मशीन गेम्स ड्यूटी, तो राहिला. परमिट क्लबाचं तर ड्यूटीची नोंदणीपण क्लबाची, मशीन सुरू करायच्या किमान १४ दिवस आधी. साधारण २० टक्के, बक्षिसं वजा जाऊन जे उरेल त्यावर. बारवाल्याच्या नावावर घेतलं तर मशीनचे पैसे कुणाचे यावरून पुढे भांडणं होतील, आमच्याकडे झालीत, तेव्हा आधी लिहून घ्या.

खडूस_काका:
पण रमी का नको? तिला मशीन लागत नाही.

चहा_कमी_साखर:
काका, तिकडे क्लबात पत्ते पैशांवर खेळायचे तर मेंबर होऊन ४८ तास झालेले लागतात. रमीचा वेगळा धागा काढा.

मी_सेक्रेटरी:
बारवाला सुट्टीवर गेलाय, पुढच्या सोमवारी येईल. कमिटीला २०० वालं सांगतो. मशीनवाल्याने पाठवायचा असा काही कागद लागतो का?

मिडलँड्सवाली:
त्याच्याकडे गॅम्ब्लिंग कमिशनचं लायसन्स पाहिजे. कमिशनच्या वेबसाइटवर नाव टाकलं की दिसतं. त्याला नंबर विचारा.

मी_सेक्रेटरी:
विचारला. "बघून सांगतो" म्हणाला.

मिडलँड्सवाली:
मग मशीन दाराच्या आत घेऊ नका.