मदत हवी आहे: डोकं चालूनच नाही राहिलं, व्यायाम नेमका कोणता करू?

मनीषनगरकर:
लवकर सांगा बाप्पा. काही महिन्यांपासून डोकं पार जड झालंय, एकच मेल परत परत वाचतो तरी डोक्यात शिरत नाही, मीटिंगमध्ये कोणी विचारलं तर साधा शब्द आठवत नाही, अन् घरी इतकी चिडचिड की बायको पोरगं दोघंही माझ्याशी जपून बोलून राहिले. मॅनेजर म्हणे योगा कर. व्यायामानं मेंदू सुधारतो हे सगळीकडे वाचलं पण कोणता, किती, कधी? जिम लावू का पळू? ज्यांनी स्वतः केलं त्यांनीच सांगा.

संत्राबर्फी:
वय? झोप किती? काम कशाचं, वेळ काय? शुगर-थायरॉइड तपासलं का?

हिल्सवरचा_धावक:
काही तपासू नका, पळा. आपल्या नागपूरच्या सेमिनरी हिल्सचा चढ रोज सकाळी, डोकं मोकळं होतं म्हणजे होतंच. २०११ मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला होता, १२० लोकांचा, त्यात वर्षभर व्यायाम करणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग २ टक्के वाढला.

धंतोली_काकू:
अरे पण त्या अभ्यासातले लोक चालत होते, पळत नव्हते! ४० मिनिटं, आठवड्यातून ३ दिवस. अन् सगळे ५५ च्या पुढचे. ते वाचून कोणाला एकदम चढावर पळायला लावू नकोस रे, गुडघे जातील त्याचे.

हिल्सवरचा_धावक:
काकू माझे नाही गेले. चालण्यानं दम लागत नाही, दम लागल्याशिवाय काही होत नाही.

धंतोली_काकू:
भरभर चाललं की लागतो. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका दम पुरे. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम पुरेसा सांगते.

ब्राह्मीप्रेमी:
रात्री दुधात ब्राह्मी घ्या. आमच्या घरी सगळे घेतात.

कीबोर्ड_भाऊ:
खुर्ची चांगली घ्या, कंबरेला आधारवाली. माझी पाठदुखी त्यानेच थांबली.

मनीषनगरकर:
पाठ दुखून नाही राहिली भाऊ. वय ३४, मिहानमध्ये आयटी, नाइट शिफ्ट, अमेरिकेचा क्लायंट. सकाळी कॅब घरी सोडते, बारापर्यंत झोपतो, मग पोराची शाळा सुटते. चहा-कॉफी रात्रभर चालू असते.

संत्राबर्फी:
मग मूळ मुद्दा झोपच आहे हो! मी पण रात्रपाळी केली आहे. घरी येताना गॉगल लावा, सकाळचा उजेड डोळ्यात गेला की झोप उडते. खोलीला जाड पडदे. कॉफी शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यातच, कॅफिन अर्धं उतरायलाच ५ तासांच्या आसपास लागतात. पोराला घेऊन आल्यावर परत दीड तास झोपता आलं तर बघा. व्यायाम शिफ्टच्या आधी करा, सकाळी आल्यावर नको. अन् शाकाहारी असाल तर बी१२ नक्की तपासा, ते कमी असलं तरी असंच डोकं जड राहतं.

निवांत_बसलेली:
एक विचारते, राग नका मानू. आधी आवडायच्या त्या गोष्टी अजून आवडतात का? नुसता थकवा आहे का मन पण उतरलंय?

मनीषनगरकर:
क्रिकेट बघणंसुद्धा सुटलं. पण वेडा नाही झालो मी.

निवांत_बसलेली:
वेडाचा विषयच नाही दादा. टेली-मानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलतात. अन् एम्स तर तुमच्या मिहानमध्येच आहे, मानसोपचार ओपीडीत दाखवून या. व्यायाम सोबत करा, त्याच्या ऐवजी नको.

हिल्सवरचा_धावक:
हे बरोबर बोलल्या. पण पळणं सोडू नको.

मनीषनगरकर:
बी१२ अन् थायरॉइड उद्याच करून घेतो, एम्सचं पण बघतो. पण शिफ्टच्या आधी म्हणजे संध्याकाळी पाच, आत्ताच्या उन्हात पाचला कुठे चालू? फुटाळा तलावावर सावली आहे का?

धंतोली_काकू:
पाचला कुठेच नको, लू लागेल. सहानंतर निघ, अन् फुटाळ्यावर संध्याकाळी गर्दीत भरभर चालताच येत नाही. कॅब किती वाजता येते तुझी?