खेळाडू म्हणून मोठं नाव नसताना फुटबॉल कोच होता येतं का? (नॉर्वेवाले कसे होतात?)

परभणीचा_गोलकीपर:
वय २५, बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालंय, गुडघ्याचं लिगामेंट गेलं म्हणून खेळ सुटला. दोन वर्षांपासून रोज सकाळी ६ ला १२-१४ वर्षांच्या पोरांना शिकवायलो, पोरं २२ अन् चेंडू ५. परवा नॉर्वेच्या कोच सोल्शायरचं वाचलं, २०११ ला तिथल्या मोल्डे क्लबला पहिल्यांदा लीग जिंकून दिली तेव्हा तो फक्त ३८ चा होता, तवापासून डोक्यात तेच फिरायलंय. पण मी जिल्ह्याच्या पुढं खेळलोच नाही, मला कुठवर जाता येईल? घरचे म्हणायलेत शिक्षकभरतीचं बघ.

नांदेड_विंगर:
भाऊ सोल्शायरचा रस्ता वेगळा, १९९९ च्या चॅम्पियन्स लीग फायनलला मँचेस्टर युनायटेडकडून शेवटच्या क्षणी गोल मारलेला माणूस तो, खेळणं थांबल्यावर युनायटेडच्याच रिझर्व टीमला शिकवलं अन् तिथून मोल्डे. तू नॉर्वेच्याच शेटिल क्नुट्सेन या कोचचं वाच. बर्गनकडच्या ओसानेसारख्या छोट्या क्लबांत वर्षं काढली त्यानं, २०१७ ला बोडो/ग्लिम्ट क्लबला असिस्टंट म्हणून गेला तेव्हा क्लब नुकताच खालच्या डिव्हिजनला घसरलेला. २०१८ ला हेड कोच झाला, वय ४९! २०२० ला क्लबची पहिली लीग, ३० मॅचमध्ये १०३ गोल, पुढच्या वर्षी नावाजलेला कोच मोरिन्योच्या इटलीतल्या रोमा क्लबला ६-१ नं हरवलं, अन् २०२५ ला युरोपा लीगची सेमीफायनल. बोडो म्हणजे आर्क्टिक सर्कलच्या वरचं गाव, आपल्या परभणीहून कितीतरी लहान. २५ व्या वर्षी उशीर झाला असं कोण म्हणायलंय तुला?

जुने_पीटी_सर_लातूर:
बाळा, लायसन्सचं आधी बघ. आपल्याकडं एआयएफएफचं (भारतीय फुटबॉल महासंघाचं) डी, मग सी, बी, ए अन् वर प्रो अशी पायरी आहे, तिकडं युएफाची (युरोपच्या फुटबॉल संघटनेची) सी, बी, ए, प्रो. डी चे कोर्स राज्य संघटना घेते, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडं चौकशी कर, बहुतेक मुंबई-पुण्याकडं जावं लागेल, राहण्याचा खर्च आत्तापासून बाजूला काढ. शिक्षकभरतीचा फॉर्म पण भर, सकाळचं मैदान त्यानं सुटत नाही, मी ३१ वर्षं दोन्ही केलं.
अजून एक, मला मनापासून पटलेलं. नॉर्वेत पोरं ११ वर्षांची होईपर्यंत गुणतक्ता लावतच नाहीत. आपल्याकडं १० वर्षांच्या पोराला ट्रॉफीसाठी पळवतात. एका शाळेनं मला वय लपवलेली पोरं उतरवायला सांगितलं होतं, मी नाही म्हणालो अन् पुढच्या जूनला काम गेलं. तरी परत विचारलं तर नाहीच म्हणेन. तुझ्या २२ पोरांपैकी सगळ्यांच्या पायाला रोज चेंडू किती वेळ लागतो ते मोज आधी, ५ चेंडूंत लायनीत उभं राहण्यातच सकाळ जाते त्यांची. ४-४ चे छोटे सामने लाव.

परभणीचा_गोलकीपर:
सर खरंय, आज घड्याळ लावून बघितलं, एका पोराला तासाभरात मोजून ६ मिनिटं चेंडू मिळाला. लय वाईट वाटलं. उद्यापासून विटा ठेवून चार छोटी मैदानं करायलो. डी च्या कोर्सची तारीख कुणाला कळली तर इथंच टाका, पैसे जमवायला लागलोय.