पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या) झाकणावर पॅड प्रिंटिंग: शाई पॅडवरच राहते आणि नखाने निघते

प्रश्न:
पीपीच्या पांढऱ्या झाकणांवर पॅड प्रिंटिंगने, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरची शाई मऊ सिलिकॉन पॅडने उचलून, एका रंगात लोगो छापतोय. बंद इंक कपचं (शाई झाकलेल्या वाटीत राहते असं) मशीन, स्टीलची प्लेट, कोरीव लोगोची खोली २५ मायक्रॉन. पॅड प्लेटवरून शाई नीट उचलतो, पण झाकणावर अर्धीच सोडतो. जी उमटते तीही वाळल्यावर नखाने निघते. थिनर (शाई पातळ करणारा द्राव) वाढवू का?

उत्तर १:
लगेच नको. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आधी पहिली.

सगळा खेळ थिनर उडण्याचा आहे. प्लेटवरच्या शाईचा वरचा थर हवा लागून चिकट होतो, म्हणून पॅडला धरतो. पॅड झाकणापर्यंत येईतो त्याच शाईची बाहेरची बाजू चिकट होते आणि झाकणाला जास्त घट्ट धरते. सिलिकॉन तिला सोडून देतं. शाई फार ओली असली तरी बिघडतं, फार सुकली तरी बिघडतं. छापून झाल्यावर पॅडवर पॅकिंग टेप दाबा. शाई फासली गेली तर ओली आहे, पॅडचा थांबा (छापण्याआधी थांबण्याचा वेळ) वाढवा. सुका पापुद्रा आला तर सावकाश उडणारा थिनर घ्या किंवा मशीनचा वेग वाढवा.

पॅड रोज थिनरने पुसू नका. त्यातलं सिलिकॉन तेल गेलं की तो शाई सोडतच नाही. टेपने साफ करा.

उत्तर २:
नखाने निघणं हा पीपीचा गुण. पृष्ठभागाची पृष्ठऊर्जा (शाई धरण्याची ताकद) ३८ डाइनच्या वर हवी, साधं पीपी ३० च्या आसपास असतं. डाइन पेनाने (ही ताकद तपासायच्या द्रवाच्या पेनाने) रेघ ओढा. थेंब जमले तर शाई धरणार नाही. निळ्या ज्योतीचं टोक क्षणभर फिरवा आणि लगेच छापा, नाहीतर पीपीचा प्रायमर (शाई धरावी म्हणून आधी द्यायचा थर) लावा. शाईत नुसतं हार्डनर (ती कडक करणारं रसायन) घालून हे सुटत नाही. चिकटपणाची टेप-चाचणी २४ तासांनी घ्या, आधी घेतलेली फसवते.

प्रश्नकर्ता:
टेपवर सुका पापुद्रा आला. पंखा मशीनवरच आहे. लोगोच्या मधोमध बारीक भोकंही दिसतात.

उत्तर १:
पंखा बंद करा, अर्धं काम तिथेच होईल. भोकं बहुधा अडकलेल्या हवेची. पॅडचं टोक लोगोच्या मधोमध टेकत असेल तर पॅड सरकवा, टोक लोगोबाहेर पडू द्या, म्हणजे पॅड एका बाजूने लोळत जाऊन हवा बाहेर ढकलतो. पॅड फार चपटा असेल तर उभट घ्या. कडेला केसासारखे तंतू दिसले तर ती स्थिर वीज; जमिनीवर पाणी शिंपडून खोलीत दमटपणा आणा.